गणित अडले म्हणजे टाकी कोसळली असे नव्हे

पोलादी पत्र्याची एखादी टाकी, धान्याची कोठी किंवा दाबाखाली चालणारे पात्र नेमक्या किती भाराला कोसळेल, हे आज बहुतेक ठिकाणी संगणकाला विचारले जाते. पद्धतीचे नाव फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस. या क्षेत्रात रोज काम करणारे तिला नुसते एफईए म्हणतात. टाकीचे चित्र हजारो छोट्या तुकड्यांत विभागायचे, प्रत्येक तुकड्याला पोलादाचे गुण द्यायचे, मग भार थोडाथोडा वाढवत न्यायचा आणि दर टप्प्याला सगळ्या तुकड्यांचा एकमेकांशी तोल जुळतो का ते पाहायचे, असा तिचा साधा गाभा आहे. एका टप्प्यावर तोल जुळत नाही. प्रोग्राम पुन्हा प्रयत्न करतो, टप्पा लहान करतो, शेवटी लाल अक्षरांत संदेश देऊन थांबतो. त्याच्या आधीच्या टप्प्याचा भार अहवालात ‘कोसळण्याचा भार’ म्हणून लिहिला जातो. हा आळशीपणा आहे असे कोणी म्हणू शकत नाही, कारण दाबपात्रांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या एएसएमई संहितेच्या आठव्या विभागाने, त्याचा दुसरा भाग 2007 मध्ये नव्याने लिहिला गेला तेव्हा, जवळपास हीच व्याख्या स्वीकारली: भार किंचित वाढवल्यावर गणिताला तोल सापडत नसेल, तर तो कोसळण्याचा भार. माझे म्हणणे असे की, गणित अडणे आणि टाकी कोसळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या एकच धरायच्या असतील, तर तसे का धरले हे अहवालात लिहिण्याची सक्ती हवी. आज तशी सक्ती नाही आणि ती मागणारेही फार थोडे आहेत.

आधी ‘कोसळणे’ म्हणजे काय ते स्पष्ट करतो. लोखंडी तार थोडी वाकवून सोडली की सरळ होते. जास्त वाकवली की वाकलेलीच राहते, पण तुटत नाही. या दुसऱ्या अवस्थेला अभियांत्रिकीत ‘प्लास्टिक’ म्हणतात. पिशव्यांच्या प्लास्टिकशी त्याचा संबंध नाही. पोलादाचा हा फार मोठा गुण आहे. एका जागी ताण मर्यादेला पोचला, तर ती जागा वाकते, आणि भार शेजारच्या जागेवर सरकतो. कोसळणे होते ते अशा सगळ्या जागा थकल्या आणि भार सरकवायला कुठे जागाच उरली नाही, तेव्हा. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन बेकर यांनी या कल्पनेवर आयुष्य वेचले. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, ब्रिटनमधल्या घराघरांत जेवणाच्या टेबलासारखा जो पोलादी निवारा वाटला गेला, तो मॉरिसन शेल्टर त्यांचाच. बॉम्बने घर पडले तर वरचा मजला त्या टेबलावर येणार. टेबलाने न वाकता तो पेलावा असा बेकर यांचा हट्ट नव्हता. त्याने वाकावे, वाकताना पडत्या छताची ऊर्जा गिळावी आणि आतली माणसे शाबूत ठेवावीत, एवढेच त्यांनी त्याच्याकडून मागितले. पोलादाचे वाकणे हा हिशेबात धरायचा साठा आहे, हे त्या टेबलाने लाखो कुटुंबांना दाखवले.

तुळई आणि खांबांच्या बाबतीत हा हिशेब बऱ्यापैकी सरळ असतो. कुठे वाकेल ते ओळखता येते आणि कागदावर चार ओळींत कोसळण्याचा भार काढता येतो. पातळ पत्र्याच्या कवचाचे तसे नाही. कवच म्हणजे टाकीची गोल भिंत, तिचा घुमट, खालचा शंकू. इथे पोलाद एका बिंदूत थकत नाही. थकलेला पट्टा हळूहळू रुंदावत जातो, त्याच्या आजूबाजूचे पत्रे ताणले जाऊन भार उचलतात आणि टाकी ‘आता संपले’ असे कधीच स्वच्छपणे सांगत नाही. आलेखात आडव्या अक्षावर सरकणे आणि उभ्या अक्षावर भार घेतला, तर तुळईची रेषा वर जाऊन सपाट होते. कवचाची रेषा मात्र वाकते, मंदावते, पण वर चढतच राहते. सपाट कुठे झाली हे कुणी सांगायचे? आलेखावर बोट ठेवणाऱ्या माणसाने. म्हणून हा आकडा मोजला जात नाही, वाचला जातो.

वाचण्याच्या पद्धतीवर किती फरक पडतो, ते एका सोयीच्या उदाहरणाने पाहू. समजा एका टाकीवर भार वाढवत नेला आणि संगणकाने असे सांगितले: 60 टनांना भिंत 1 मिलिमीटर सरकली, 80 टनांना 2, 90 टनांना 3, 96 टनांना 4, आणि तिथे गणित अडले. आता कोसळण्याचा भार किती? जो अहवाल लिहिणारा प्रोग्रामच्या शेवटच्या टप्प्यावर विसंबतो, तो 96 लिहील. दाबपात्रांच्या जगात अनेक वर्षे दुसरी एक रीत रूढ होती: सुरुवातीच्या सरळ रेषेच्या दुप्पट सरकणे दाखवणारी रेषा आलेखावर काढायची आणि ती जिथे आलेखाला छेदते तिथला भार घ्यायचा. या उदाहरणात आलेखाचा सुरुवातीचा चढ दर मिलिमीटरला 120 टन आहे. त्याच्या निम्म्या चढाची, म्हणजे 60 टनांची रेषा, आलेखाला 60 टनांवरच छेदते. म्हणजे उत्तर 60. तिसरा वाचक भाराला सरकण्याने भागतो. 80 टनांना तो भागाकार 40 येतो, 90 ला 30, 96 ला 24. भार वाढतोय तशी टाकीची ताठरता कमी होते आहे, आणि किती वेगाने हे दिसते आहे. भागाकार 10 ने उतरला की भार 10 ने वाढतो, 6 ने उतरला की 6 ने. ही रेषा ताठरता शून्य होईपर्यंत पुढे नेली, तर भार 120 वर पोचतो. एकच टाकी, एकच संगणक, एकच आलेख, आणि तीन प्रामाणिक माणसांची तीन उत्तरे: 60, 96 आणि 120. त्यातले कुणीही खोटे बोललेले नाही. पण अहवालात फक्त आकडा आला, तर वाचणाऱ्याला तो कोणत्या माणसाचा आहे हे कळायला मार्ग नाही.

तिसऱ्या वाचकाची रीत मला सर्वांत जास्त पटते, आणि तिचे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड साउथवेल यांनी 1932 मध्ये दाखवले की खांब प्रत्यक्ष मोडण्याआधी घेतलेल्या मोजमापांवरून तो किती भाराला मोडेल हे सरळ रेषेने काढता येते. खांब वाचतो आणि उत्तरही मिळते. एडिनबरा विद्यापीठातले मायकेल रॉटर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हीच कल्पना बदलून 2011 मध्ये कवचांच्या कोसळण्याच्या भारासाठी वापरली. त्यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली, आणि मला वाटते तीच खरी मोलाची. आलेखावरच्या लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंवरून दर वेळी वेगळा अंदाज काढत जायचा. भार वाढेल तसे हे अंदाज एकाच आकड्याकडे सरकत असतील, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. आपल्या उदाहरणात पहिल्या जोडीने 120 दिले, दुसऱ्यानेही 120. पण हे अंदाज इकडेतिकडे उड्या मारत असतील किंवा सतत वर चढत असतील, तर गणित अजून पुरेसे पुढे गेलेले नाही, इतके तरी निश्चित कळते. उत्तराबरोबर उत्तराची खात्रीही मोजणारी ही पद्धत आहे. तिला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. संगणकाने दिलेल्याच आकड्यांवर ती चालते. याउलट प्रोग्राम नुसता अडण्याने काही सिद्ध होत नाही, कारण अडण्याची कारणे अनेक असतात: तुकडे फार मोठे घेतले, एखादा तुकडा वेडावाकडा ताणला गेला, टप्पा मोठा पडला, आधार चुकीच्या जागी दिला. यातले कोणतेही कारण टाकीला माहीत नसते.

इथवरचे सगळे गृहीत धरून होते की टाकीची भिंत चित्रातल्यासारखी गोल आहे. ती तशी कधीच नसते. पत्रे रोलवर वळवताना, उचलताना, वेल्डिंगच्या उष्णतेने आक्रसताना भिंतीला पोचे पडतात, आणि पातळ कवच पोच्यांच्या बाबतीत फार हळवे असते. 5 मीटर त्रिज्येची, 10 मिलिमीटर पत्र्याची कोठी घ्या. वरून दाब आला तर परिपूर्ण गोल भिंत कोणत्या ताणाला दुमडेल, याचे सूत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मांडले गेले. त्या सूत्राने उत्तर येते दर चौरस मिलिमीटरला 242 न्यूटन. साध्या बांधकामी पोलादाची थकण्याची मर्यादा 250 आहे. म्हणजे कागदावर भिंत जवळजवळ पोलादाच्या पुऱ्या ताकदीला उतरते. पण प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नळकांडी दाबली जाऊ लागली तेव्हा ती सूत्राच्या निम्म्या, तिसऱ्या, कधी पाचव्या भागालाच चेपली. याचे कारण डेल्फ्टच्या वॉर्नर कोइटर यांनी 1945 मधल्या प्रबंधात सांगितले: काही रचना अशा असतात की कणभर पोच्यानेही त्यांची ताकद ढासळते. प्रबंध डच भाषेत होता आणि त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला 1960 चे दशक उजाडले. त्याच दशकात नासाने रॉकेटच्या नळकांड्यांसाठी जुन्या प्रयोगांवरून घटीचे सूत्र छापले. ते या कोठीला लावले तर 242 चे 78 होतात. तिसऱ्या भागापेक्षाही कमी.

युरोपच्या कवचविषयक संहितेने, 2007 च्या ईएन 1993 च्या सहाव्या उपभागाने, या अडचणीवर जो मार्ग काढला तो मला विचारी वाटतो. ती संहिता आधी दोन शुद्ध गणिते मागते. एकात पोलाद कधीच थकत नाही असे धरायचे आणि भिंत कधी दुमडते ते पाहायचे. दुसऱ्यात भिंत कधीच दुमडत नाही असे धरायचे आणि पोलाद कधी थकते ते पाहायचे. दोन्ही उत्तरांचे गुणोत्तर सांगते की धोका कोणत्या बाजूने येणार, आणि मग प्रयोगांवर आधारलेल्या आलेखावरून खरी ताकद ठरते. आपल्या कोठीत हे दोन आकडे 242 आणि 250, जवळजवळ बरोबरीचे. दोन्ही धोके एकमेकांचा हात धरून येतात तो हा प्रदेश, आणि इथे दुसऱ्या गणितातला कोसळण्याचा भार चुकला तर पुढचे सगळे चुकते. भूकंपात भरलेल्या टाकीच्या तळाशी भिंत चहूबाजूंनी फुगून हत्तीच्या पावलासारखी दिसते, ती याच एकत्र धोक्याने. आतल्या द्रवाचा दाब भिंतीला बाहेर ताणतो, हेलकाव्याने वरून दाब येतो, आणि तळाच्या पट्ट्यात पोलाद थकताच भिंत बसते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात 2013 आणि 2016 च्या भूकंपांत वाइनच्या पोलादी टाक्यांचे मोठे नुकसान झाले. तिथल्या अभियंत्यांना ही आकृती चांगली परिचयाची आहे.

त्याच संहितेत पोचा मोजण्याची जी रीत दिली आहे ती कुठल्याही वर्कशॉपमध्ये करता येईल इतकी साधी आहे. आपल्या कोठीसाठी सुमारे 90 सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी घ्यायची, भिंतीला उभी टेकवायची आणि पट्टी व पत्रा यांच्यातली सर्वांत खोल फट मोजायची. फट 5 मिलिमीटरपर्यंत असेल तर काम उत्कृष्ट, 9 पर्यंत उच्च, 14 पर्यंत साधारण दर्जाचे. पत्राच 10 मिलिमीटरचा आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे उत्कृष्ट कामातही पत्र्याच्या अर्ध्या जाडीएवढा खळगा, आणि साधारण काम म्हणजे पत्र्याच्या जाडीपेक्षा खोल. संगणकात काढलेली भिंत यातल्या कोणत्या वर्गाची होती आणि साइटवर उभी राहिलेली कोणत्या वर्गाची आहे, हे दोन कागद शेजारी ठेवून कुणीतरी पाहायला हवे. बहुतेकदा ते दोन वेगळ्या कचेऱ्यांत असतात.

संगणकावर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलादाचे नाही, काँक्रीटचे आहे. पण गणित हेच होते. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेतल्या स्टाव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनर-ए या तेल फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली सोडला जात होता. एक भिंत फुटली, पाणी आत घुसले आणि सगळा पाया तळाशी जाऊन चुरा झाला. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे. माणसे वाचली. चौकशीत आढळले की नळकांडी जिथे एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यात संगणकाच्या जाळीचे तुकडे इतके ढोबळ घेतले होते की भिंतीतला कातरताण 47 टक्क्यांनी कमी दाखवला गेला होता. पुढचा तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अपघातानंतर हेच विश्लेषण काळजीने पुन्हा केले तेव्हा भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती. पद्धत इतकी अचूक. दोष पद्धतीचा नव्हता, पहिले उत्तर दुसऱ्या कुणी हाताने पडताळले नाही हा होता. नवा पाया बांधताना अभियंत्यांनी आधी संगणकापूर्वीच्या काळातल्या हाताच्या गणितांनी आराखडा केला आणि संगणकाचे उत्तर येईल तेव्हा त्याच्याशी ताडून पाहायचे ठरवले. हा मागासलेपणा नव्हता.

यावर अनुभवी अभियंत्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: सुरक्षागुणक कशासाठी आहे? कोसळण्याचा भार काहीही येवो, आपण त्याला दोन-अडीचने भागतो, तेवढ्यात सगळ्या चुका बसतात. हे ऐकायला दिलासा देणारे आहे, पण ते उदाहरणाशी जुळत नाही. एएसएमईच्या वर सांगितलेल्या पद्धतीत हा गुणक 2.4 आहे. मघाचे तीन आकडे 2.4 ने भागा: 25, 40 आणि 50 टन. एकाच टाकीवर एक अभियंता दुसऱ्याच्या दुप्पट भार ठेवायला परवानगी देतो, आणि दोघांच्याही अहवालात गुणक तोच आहे. पोच्यांमुळे 242 चे 78 होतात ती घटही तिपटीची आहे, म्हणजे गुणकाच्या आवाक्याबाहेर. सुरक्षागुणक पत्र्याच्या जाडीतल्या, वाऱ्याच्या अंदाजातल्या चढउतारांसाठी असतो. ज्याला भागायचे तो आकडाच कसा काढला हे माहीत नसेल, तर गुणकाने सुरक्षितता येत नाही, फक्त तशी समजूत होते.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे: शंका असेल तिथे लहान आकडा घ्या, कमी धरले की सुरक्षित. बहुतेक वेळा हे खरे असते, पण नेहमी नाही. ज्वालाग्राही द्रवाच्या टाक्यांचे उदाहरण घ्या, म्हणजे आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या आवारातल्या इथेनॉलच्या टाक्यांसारख्या. आत अचानक दाब वाढला तर अशा टाकीचे छप्पर आणि भिंत यांच्यातला जोड आधी फाटावा, अशी रचना मुद्दाम केली जाते. छप्पर उघडले की दाब आकाशात निघून जातो आणि द्रव भिंतींच्या आत राहतो. तो जोड हिशेबापेक्षा मजबूत निघाला, तर आधी तळाचा जोड फाटतो, टाकी जमिनीवरून उचलली जाते आणि पेटता द्रव आवारभर पसरतो. या ठिकाणी जोडाचा कोसळण्याचा भार ‘सुरक्षित बाजूने’ कमी धरणे म्हणजे धोका वाढवणे. कुठे आकडा वरून चुकला तर घातक आणि कुठे खालून, हे विचार करणाऱ्या माणसाला कळते. त्यासाठी त्याला अंदाजाची पद्धत माहीत हवी.

तिसरा आक्षेप माझ्यावरच उलटू शकतो, आणि तो टाळण्याची मला गरज वाटत नाही. संगणकाने जुन्या सूत्रांची भीती कमी केली नाही का? केली आहे. नासाने 2007 मध्ये आपल्या जुन्या घटीच्या सूत्रांची फेरतपासणी हाती घेतली. मार्च 2011 मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिल इथल्या मार्शल केंद्रात 8 मीटरांहून जास्त व्यासाचे ॲल्युमिनियम-लिथियमचे नळकांडे चेपेपर्यंत दाबले. नळकांड्यावर हजारो काळे-पांढरे ठिपके रंगवले होते, आणि कॅमेरे त्या ठिपक्यांची हालचाल टिपत होते. अशा चाचण्यांतून दिसले की जुने सूत्र आधुनिक बांधणीच्या नळकांड्यांना गरजेपेक्षा कठोर होते आणि रॉकेट हलके करता येईल. मी एफईएच्या विरोधात नाही, आणि हे उदाहरण म्हणूनच मला प्रिय आहे. पण त्या मंडळींनी आधी खरे नळकांडे मोजले, त्याचे पोचे गणितात घातले, उत्तर आधी लिहून ठेवले, मग नळकांडे मोडले आणि दोन्ही ताडून पाहिले. संगणकाने दिलेली सूट त्यांनी पडताळून मिळवली. आपण ती पडताळणी न करताच तीच सूट घेऊ पाहतो.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला बॉस्टनची गोष्ट सांगायला हवी. 15 जानेवारी 1919 रोजी त्या शहरात मळीची पोलादी टाकी फुटली. टाकी सुमारे 15 मीटर उंच आणि 27 मीटर व्यासाची होती, आत जवळपास 87 लाख लिटर मळी होती. मळीची लाट रस्त्यांतून धावली, 21 माणसे मेली, सुमारे 150 जखमी झाली. पत्रे गरजेपेक्षा बरेच पातळ होते. टाकीच्या उभारणीवर देखरेख करणारा माणूस हिशेबनीस होता, त्याला आराखडे वाचता येत नव्हते. आणि टाकी पाण्याने पूर्ण भरून तपासली गेली नव्हती. ते पोलाद प्लास्टिक रीतीने वाकून कोसळले नाही, फाटले. पण त्या अपघातानंतर बॉस्टनमध्ये जी सुधारणा आली ती आजच्या चर्चेचा पाया आहे. आराखड्यावर अभियंत्याची सही हवी आणि त्याची गणिते सरकारी दप्तरी दाखल हवीत, असा नियम झाला. गणित दाखल करण्याचा अर्थ तेव्हा स्पष्ट होता: दुसऱ्या अभियंत्याने पेन्सिल घेऊन ते ओळीने तपासावे. आज दाखल होतो रंगीत चित्रांचा अहवाल. निळ्यापासून लालपर्यंत छटा असतात, शेवटी एक आकडा असतो, त्याखाली ‘सुरक्षित’ असा शेरा असतो. दुसरा अभियंता पेन्सिल कुठे टेकवणार? शंभर वर्षांपूर्वी माणसांच्या मरणाने मिळवलेला नियम कागदावर पाळला जातो आणि त्याचा हेतू निसटून जातो.

म्हणून मागणी फार छोटी आहे. एफईएचा अहवाल मागणाऱ्या प्रत्येक निविदेत चार ओळी वाढवाव्यात. भार आणि सरकणे यांचा आलेख, आकड्यांच्या तक्त्यासह, जोडलेला असावा. कोसळण्याचा भार त्या आलेखावरून कोणत्या रीतीने वाचला, आणि लागोपाठचे अंदाज जुळतात का, हे लिहिलेले असावे. जाळीचे तुकडे निम्मे करून उत्तर किती बदलले ते सांगावे, आणि साध्या सूत्राने हाताने काढलेले एक उत्तर शेजारी ठेवावे. टाकी उभी राहिल्यावर पट्टी लावून मोजलेले पोचे त्याच दप्तरात जावेत. छोटे फॅब्रिकेटर म्हणतील, हा खर्च आम्हाला झेपणार नाही. साध्या टाक्यांना तो लागूच होत नाही. त्या आयएस 803 सारख्या मानकांच्या सरळ सूत्रांवर बांधता येतात आणि तशाच बांधल्या जाव्यात. एफईएचे शुल्क ज्या कामात दिलेच गेले आहे, तिथे आलेख आधीपासून संगणकात आहे. तो छापायचा आहे, एवढेच.

यात पुण्याची जबाबदारी मला विशेष वाटते. या शहरात आणि आसपास असंख्य तरुण अभियंते रोज देशोदेशीच्या यंत्रांची आणि पात्रांची अशी विश्लेषणे करतात. त्यांना नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते, कोणते सॉफ्टवेअर येते. महाविद्यालयांत प्रात्यक्षिक संपते ते रंगीत चित्र निघाले की. त्याच प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला एकच आलेख देऊन त्यावरून तीन रीतींनी कोसळण्याचा भार काढायला लावावा, आणि तीन उत्तरांपैकी कोणते सही करून द्यायचे हे त्याने कारणासह लिहावे. मग त्याला वर्कशॉपमध्ये न्यावे, 90 सेंटिमीटरची पट्टी हातात द्यावी आणि एखाद्या वळवलेल्या पत्र्यावर टेकवायला सांगावी. पट्टीखालून उजेड कुठून येतो ते त्याने स्वतः वाकून पाहावे, फट मोजावी, आणि संगणकातली आपली भिंत या पत्र्यासारखी होती का, हे त्याच पानावर लिहावे.